ओपनकास्ट येण्याआधी शिवारातल्या गवत-झाडोऱ्याची मोजणी: पद्धत ठरवू या

धुऱ्यावरचा पळस

नमस्कार मंडळी,

आमच्या शिवाराला (वणी तालुका) लागून कोळशाची ओपनकास्ट, म्हणजे वरची जमीन काढून उघड्यावर खणायची, खाण आहे आणि ती आता पुढे सरकणार आहे. मोबदला, नोकरी, पुनर्वसन यावर इथे भरपूर धागे आहेत, ती चर्चा तिकडेच करू. हा धागा एकाच कामासाठी काढतोय: डोझर लागायच्या आत त्या जमिनीवर काय उगवतं आणि किती उगवतं याची मोजून नोंद कशी करायची.

घाईचं कारण असं. खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी कोळसा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०१३ मध्ये आणि त्यानंतरही ती सुधारली. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या आदेशात खाणकाम संपल्यावर त्या जागेवर पुन्हा गवत वाढवून देण्याची अट खाणपट्ट्यात घालायला सांगितलं. जमीन चारा, वनस्पती, प्राणी यांच्या वाढीला योग्य झाली पाहिजे, असंही त्यात आहे. ठीक. पण कोणतं गवत? आधी काय होतं ते कुणी लिहूनच ठेवलं नसेल, तर उद्या खाणीतून काढलेल्या माती-दगडाच्या ढिगावर जे काही हिरवं दिसेल त्याला गवत म्हणून मोकळे होतील.

खाणीसाठी झालेला आमच्या भागाचा जो पर्यावरण अहवाल पाहायला मिळाला, त्यातली पाहणी एप्रिलमधली. झाडांची यादी आहे, शास्त्रीय नावांसकट. गायरानाबद्दल मात्र एका ओळीत 'गवत व झुडपे'. आमच्या गावच्या गुरांचं वर्ष ज्या जमिनीवर निघतं तिला एक ओळ! वाचून फार वाईट वाटलं, म्हणून गावातली आणि कॉलेजातली पोरं मिळून आम्हीच मोजायला निघालोय.

जागा चार प्रकारची आहे: काळ्या मातीची वावरं आणि त्यांचे धुरे (बांध), बरड मुरमाड ई-क्लास (चराईची सरकारी जमीन) गायरान, नाल्याचा काठ, आणि एक झुडपी टेकाड. झाडांसाठी १० बाय १० मीटर, त्यात झुडपांसाठी ५ बाय ५, त्यात गवतासाठी १ बाय १, असे चौकोन टाकायचं ठरतंय. किती टाकायचे? कुठे? धुऱ्यावरची झाडं चौकोनात बसतच नाहीत, त्यांचं काय? अनुभवी लोकांनी सांगावं.

रानमाया

पळस, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी चौकोन विसरा आणि नकाशा घ्या. तुम्ही चार प्रकार सांगितलेत, ते बरोबर आहेत, पण गायरानाचे आणखी दोन भाग पडतील: गावाजवळचं, जिथे रोज गुरं बसतात, आणि लांबचं. दोन्हीकडचं गवत वेगळं असणार. प्रत्येक भागाची हद्द चालून मोबाईलच्या जीपीएसवर घ्या. मग प्रत्येक भागात जागा चिठ्ठ्या टाकून निवडा. हे कटाक्षाने करा. माणूस आपसूक गवत बरं दिसतं तिथे किंवा सावली आहे तिथे चौकोन टाकतो, आणि उद्या समोरचा पहिला आक्षेप त्यावरच घेईल. चिठ्ठीत आलेली जागा उकिरड्यावर पडली, तरी ती मोजायचीच.

किती टाकायचे याचं एकच उत्तर नाही. दर चौकोनानंतर त्या भागात एकूण किती जाती झाल्या ते कागदावर टिंबाने मांडत जा. सुरुवातीला रेघ झपाट्याने चढते, मग आडवी होऊ लागते. पुढच्या चार-पाच चौकोनांत नवं काही येईनासं झालं की तो भाग पुरा. काळ्या वावरात ती लवकर आडवी होईल, टेकाडावर वेळ लागेल.

झाडांचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. प्रत्येकाने आपल्या छातीवर ती उंची कुठे येते ते एकदा मोजून ठेवावं. उतारावर वरच्या अंगाने उभं राहून मोजायचं. त्या उंचीच्या खालीच खोड फुटलं असेल तर प्रत्येक फांद वेगळी लिहायची. घेर ३१ सेंटीमीटर किंवा जास्त, म्हणजे १० सेंटीमीटर व्यास, तर झाड. त्याहून बारीक ते पोर. पोरं न मोजता सोडू नका. सागाची मोठी झाडं दहा आणि पोर एकही नाही, ही गोष्ट फक्त मोठी झाडं मोजून कधीच कळत नाही.

धुरे वेगळे धरा. धुरा लांबट असतो, त्यावर पट्टा टाकायचा: ५० मीटर लांब, धुऱ्याची रुंदी अधिक दोन्हीकडे दोन मीटर. हिशेब हेक्टरी न काढता दर १०० मीटर धुऱ्यामागे किती झाडं, असा ठेवा. नाल्याला पट्टे प्रवाहाला आडवे, पाण्यापासून वावरापर्यंत. पाण्याच्या कडेला बेशरम, वर करंज, अर्जुन, जांभूळ, आणखी वर बाभूळ, हा बदल काठाने चालत गेलात तर सापडणार नाही.

वावरकर

पळसभाऊ, लय बेस काम हाये. पन गवताचं पुस्तकात पाहू नका, ढोरं चारनाऱ्या गायक्याले इचारा. ढोरं कोन्या महिन्यात कोन्या अंगाले न्याची, हे त्याले आजवर कोनी इचारलं नाई. कुसळी कवळी असते तवा ढोरं खाते, दसऱ्याच्या मांगं तिले कुसं आले का तोंड नाई लावत, हिरड्याईत रुतते ना. मारवेल दिसली का तिकडंच पयते. तुमच्या कागदावर कुसळी बी गवत अन् मारवेल बी गवत. ढोरायले इचारून पाहा तं!

अन् धुऱ्यावरचं एक बी झाड सोडू नका. माह्या आज्यानं लावलेला आंबा, बाजूची हिवर, दोन बोरी, पयसं. वावराचा भाव होते, झाडाचा बी पंचनामा होते म्हनतात, पन बोरीले कोन पुसते?

धुऱ्यावरचा पळस

वावरकर दादा, अगदी पटलं. नोंदीच्या तक्त्यात आणखी तीन रकाने घालतो: 'गुरं खातात का', 'कोणत्या महिन्यात', 'माणसाला काय उपयोग'. गायकी मामांना सोबत घेऊन गायरानात फिरायचं ठरलंय.

रानमाया ताई, एक शंका. १ बाय १ च्या चौकोनात गवताची रोपं मोजायची कशी? हरळी तर सगळीकडे पसरलेली. एक रोप कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं?

रानमाया

गवताची रोपं मोजूच नका. जमीन किती झाकली ते लिहा. डोळ्याने अंदाज करताना सहा पायऱ्या वापरा: ० ते ५ टक्के, ५ ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५, ७५ ते ९५, ९५ ते १००. डौबेनमायर या शास्त्रज्ञाची १९५९ ची पद्धत आहे, अजून चालते, कारण दोन माणसांचा अंदाज ३७ आणि ४२ असा वेगळा आला तरी पायरी एकच राहते. जातींची बेरीज शंभराच्या वर गेली तर घाबरू नका, गवतं एकावर एक असतातच.

गायरानासाठी मात्र मी टेपची पद्धत सुचवीन. ५० मीटरची टेप ताणून धरायची. दर अर्ध्या मीटरला एक बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि ती कशाला लागली ते लिहायचं: कोणतं गवत, पालापाचोळा, दगड, शेण, की उघडी माती. शंभर टोचे होतात, म्हणून शंभरात किती ते थेट टक्के. अंदाजाचा भाग राहत नाही, नवीन पोरगाही पहिल्या दिवसापासून करू शकतो, आणि काही वर्षांनी दुसऱ्या कुणी त्याच जागी केलं तर आकडे एकमेकांसमोर ठेवता येतात. उघडी माती किती टक्के, हा आकडा तर ढिगावरच्या धुपीसाठी सगळ्यात कामाचा.

आणि वेळ. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर अखेर. गवत फुलोऱ्यावर असल्याशिवाय त्याची जात खात्रीने सांगणं अवघड. चरलेलं असेल तर फुलोराच मिळत नाही. त्यासाठी आत्तापासूनच दोन-चार ठिकाणी बोराटीच्या काट्यांचं छोटं कुंपण घालून ठेवा, आतलं गवत निसवू द्या. झाडांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक फेरी पुन्हा करा, पळस-मोह तेव्हा ओळखायला सोपे.

एक वाचक

कुणाला नाउमेद करायचं नाही, पण मनात आलं ते विचारतो. खाण जमिनीत कितीतरी खोल जाणार. माती, मुरूम, खडक सगळं वर-खाली होणार. ज्या जमिनीवर ही नोंद केली ती जमीनच राहणार नाही. मग चौकोन मोजून उपयोग काय? त्यापेक्षा ती शक्ती ढिगावर काय लावायचं यात घालावी.

ओबीवरचा माळी

वाचक साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण माझी नोकरीच ओबीच्या (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेली माती-खडक) ढिगांवर झाडं लावण्यात गेली.

ढिगावर आम्ही काय लावायचो? सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, करंज, शिसू, कडुनिंब, बांबू. का? रोपवाटिकेत तीच रोपं मिळायची आणि तीच जगायची. कुणाचा वाईट हेतू नव्हता. इथलं मूळ काय होतं हे सांगणारा एक कागद हातात असता, तर बी गोळा करायला माणसं पाठवता आली असती. पळस, हिवर, धावडा, टेंभुर्णी, बोर यांचं बी बाजारात मिळत नाही, आणि ते कोणत्या जागेवर आपसूक उगवतं हे कुणी लिहिलेलं नसतं. तुमची पोरं टेकाडावर मोजायला जातील तेव्हा एक बघा: रस्त्यासाठी कापलेला मुरूम, जुनी पडकी खदान, धुपलेली नाल्याची दरड, अशा उघड्या-बोडक्या जागी स्वतःहून काय आलंय? ती यादी ढिगासाठी सोन्यासारखी. जंगलातली देखणी झाडं नंतर, आधी उघड्या मुरमावर पाय रोवणारी पाहिजेत.

ढिगाचा उतार शेवटी २८ अंशांच्या आत ठेवायची अट मंजुरीत साधारणपणे असते. त्या उतारावर पहिल्या पावसात माती धरून ठेवतं ते गवत. झाड लावलं आणि गवत नाही, तर दोन पावसाळ्यांत घळी पडतात आणि झाडांची मुळं उघडी होतात. मी हे डोळ्याने पाहिलंय. म्हणून तुमच्या गवताच्या यादीत 'मुळं कशी' हाही रकाना घाला: झुबक्याने वाढतं की जमिनीवर पसरत जातं. पसरणारं धूप थांबवतं, झुबक्याचं चाऱ्याला बरं. दोन्ही लागतात.

वरची माती वेगळी काढून साठवायची असते, कागदावर ते सगळ्यांना माहीत आहे. पण माती जितकी जास्त काळ ढिगात, तितकं तिच्यातलं बी आणि मुळांना साथ देणारी बुरशी मरत जाते. म्हणून मातीतल्या बियांचीही मोजणी करा. हे कुणीच करत नाही. प्रत्येक भागातून ० ते ५ आणि ५ ते १० सेंटीमीटरची माती वेगवेगळी आणायची, खडे काढून पसरट ट्रेमध्ये पातळ थर द्यायचा, सावलीत ठेवून रोज पाणी मारायचं. जे उगवेल ते ओळखून मोजायचं आणि उपटायचं. बऱ्याच बारमाही गवतांचं बी मातीत फार वर्षं टिकत नाही, तरोट्यासारखं कडक सालीचं टिकतं. माती ठेवली पण गवत का आलं नाही, नुसता तरोटाच का आला, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

जिद्दीने काम केलं तर होतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड), जिवाणू आणि मुळांची बुरशी वापरून झाडं उभी केली. त्या ढिगांवर आधी काडी उगवत नव्हती.

रानमाया

माळी काकांना नमस्कार. मातीतल्या बियांचा मुद्दा लाखमोलाचा आहे.

वाचक, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट खरी आहे: जुनी जमीन जशीच्या तशी परत येत नाही. पण आधी काय होतं ते कळल्याशिवाय काय लावायचं हेही ठरत नाही. म्हणून खाणपट्ट्याच्या आत मोजताना पट्ट्याच्या बाहेर, तशाच मातीवर, तशाच चराईखालची एक जागाही मोजा आणि दरवर्षी मोजत राहा. आत १०० टोच्यांत ४० मारवेलचे आले आणि वीस वर्षांनी ढिगावर १० आले, तर लोक म्हणतील पाऊसच कमी झाला. बाहेरची जागा हातात असली की पावसाने किती गेलं आणि खाणीने किती गेलं हे वेगळं काढता येतं.

वैनगंगापार

आमच्याकडे गडचिरोलीला खाण लोखंडाची, पण प्रश्न तोच. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. जमिनीचा सात-बारावरचा प्रकार प्रत्येक चौकोनाच्या तक्त्यावर गट नंबरसह लिहा. तुमच्या यवतमाळात ई-क्लास, आमच्याकडे आणि चंद्रपूर-नागपूरकडे झुडपी जंगल. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला झुडपी जंगल हे वनच धरायचं, असा निकाल दिला आहे. वणीची मंडळी फक्त ई-क्लासचा विचार करतील, पण वर्धा नदीपलीकडे वरोरा-भद्रावतीला हीच मोजणी कुणी करणार असेल तर झुडपीची पानं वेगळी ठेवा. झुडपं आहेत म्हणजे निकामी जमीन, हे वाक्य आम्ही फार वर्षं ऐकलं.

दुसरी. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. बहुतेक गावांत ती कपाटात आहे. तुमची मोजणी त्या नोंदवहीत चढवा आणि ग्रामसभेत वाचून ठराव घ्या. पोरांच्या वहीतले आकडे आणि ग्रामसभेने ठरावात घेतलेले आकडे यांत खाणीच्या जनसुनावणीच्या दिवशी फार फरक पडतो. तेंदू, मोह, चारोळी कोण गोळा करतं, किती घरं, तेही त्यातच येऊ द्या.

धुऱ्यावरचा पळस

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गायकी मामांना घेऊन लांबच्या गायरानात सराव केला, त्यातला एक चौकोन जसाच्या तसा लिहितो, चुकत असेल तर सांगा.

१ बाय १, बरड जमीन, उतार पूर्वेकडे थोडासा. कुसळी तिसऱ्या पायरीवर. मारवेल दुसऱ्या, कांड्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, त्यावरून ओळखली, मामांनी ते न बघता लांबूनच सांगितली. हरळी दुसऱ्या पायरीवर. एकदांडी तीन रोपं. विष्णुक्रांता, निळं फूल उघडलेलं. तरोटा सात, सगळे वितीएवढे. एक पसरट शेंगवर्गीय वनस्पती, नाव कळलं नाही, मामा म्हणाले बकऱ्या आवडीने खातात, नमुना घेतला. उघडी माती आणि खडे मिळून दुसरी पायरी. शेण एक, जुनं. गाजरगवत नाही.

याउलट रस्त्याकडेच्या चौकोनात अर्धी जागा गाजरगवताने आणि रानतुळशीने धरलेली. दोन्हींमध्ये तीनशे-चारशे पावलांचं अंतर. हे एप्रिलमध्ये गेलो असतो तर दिसलंच नसतं, तेव्हा दोन्हीकडे नुसती पिवळी काडी असते.

आता अडचण. कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकायचा विचार होता, पण गावात म्हणतात आठवड्यात भंगारात जातील.

ओबीवरचा माळी

खुंटी ठोकू नका. मोठा दगड अर्धा गाडून त्यावर चुन्याची खूण, आणि जवळच्या न हलणाऱ्या दोन वस्तूंपासून टेपने अंतर: विहिरीचा कठडा, विजेचा खांब, पुलाची भिंत. त्यातली निदान एक खाणपट्ट्याच्या बाहेरची असू द्या. मोबाईलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, नुसत्या त्याच्या भरवशावर १ बाय १ चा चौकोन परत सापडत नाही. आणि प्रत्येक चौकोनाचा फोटो एकाच दिशेने, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून, त्यात पाटीवर नंबर आणि तारीख.

वावरकर

चाऱ्याचं वजन बी करा ना. गवत हाये म्हटलं तं किती हाये?

रानमाया

वावरकर दादांनी नेमकं विचारलं. न्यायालयाच्या आदेशात चारा आहे, तर चारा किलोतच मोजला पाहिजे. काटेकुंपणाच्या आत १ बाय १ मधलं गवत जमिनीपासून दोन-तीन बोटं वर विळ्याने कापा. जातीप्रमाणे वेगळं करा, ताजं वजन करा, मग कागदी पिशवीत वाळवून वजन थांबेपर्यंत परत परत करा. चौरस मीटरला जितके ग्रॅम, त्याला दहाने गुणलं की हेक्टरी किलो. कुंपणाबाहेरही तसंच कापा, दोन्हीतल्या फरकावरून गुरांनी किती खाल्लं त्याचा अंदाज येतो.

तुमच्या शेंगवर्गीय वनस्पतीचा फोटो टाका: पान, फूल, शेंग आणि देठाशी असलेली छोटी उपपर्णं, चारही. नमुने दाबताना गवत मुळासकट घ्या, लांब असेल तर व्ही आकारात दुमडा, आणि पहिले तीन दिवस रोज वर्तमानपत्र बदला, नाहीतर या दमट हवेत बुरशी धरते. प्रत्येक जातीचे दोन नमुने करा, एक गावात राहील आणि एक कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात. जे ओळखू येणार नाही ते पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे विचारता येईल.

धुऱ्यावरचा पळस

तक्ता नव्याने आखला, रकाने वाढलेत: गट नंबर, जमिनीचा प्रकार, दोन खुणांपासून अंतर, झाकण्याची पायरी, मुळांची ठेवण, कोण खातं, कधी खातं. फोटो संध्याकाळी टाकतो. या आठवड्यात काट्यांची कुंपणं घालून घेतो, पट्ट्याबाहेरच्या जागेसाठी शेजारच्या गावच्या सरपंचांशी बोलणं झालंय, त्यांची ना नाही. ५० मीटरची टेप एकच आहे, आणखी एक लागेल. गवत दाबायची पेटीही नाही.

रानमाया

पेटी माझ्याकडे जास्तीची आहे, टेपही देते. शनिवारी चंद्रपूरहून वणीला येणाऱ्या कुणाच्या हाती पाठवीन, तुमचा नंबर मेसेजमध्ये कळवा. विळा मात्र धारेचा घ्या, मारवेल उपटली तर वजनात माती येते.